पहिल्या गाडीला मोठी चाकं: सोलापूरच्या रस्त्यांसाठी रिम आणि टायर कसे निवडावेत

टायरच्या दुकानात जाण्याआधी गाडीचं ड्रायव्हरकडचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर एक छोटं स्टिकर असतं. त्यावर कंपनीने मंजूर केलेली टायरची मापं आणि हवेचा दाब छापलेला असतो. या स्टिकरचा मोबाईलवर फोटो काढा. मग बसवलेल्या टायरच्या बाजूवरचं माप वाचा, डिकी उघडून स्टेपनीचंही वाचा. तिन्ही ठिकाणी एकच माप असेल असं नाही, आणि पुढची सगळी निवड याच आकड्यांवरून होणार आहे.

समजा टायरवर १६५/८० आर १४ ८५ टी असं आहे. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे रबराच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या ८० टक्के. म्हणजे १३२ मिमी. आर म्हणजे रेडियल, हा टायरच्या आतल्या रचनेचा प्रकार, १४ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ८५ हा भाराचा आकडा आणि टी हे वेगाचं अक्षर. या शेवटच्या दोन गोष्टींकडे नवा माणूस हमखास दुर्लक्ष करतो. त्यांच्याकडे पुढे येऊच.

रिम वाढवायची, चाक नाही

मोठी चाकं म्हणजे मोठी रिम. टायरसकट पूर्ण चाकाचा बाहेरचा व्यास मात्र होता तेवढाच राहायला हवा. रिम एक इंच वाढली की रबराची भिंत तेवढी कमी करायची. हिशेब सोपा आहे: रुंदी गुणिले टक्के, त्याची दुप्पट, अधिक रिमचे इंच गुणिले २५.४.

मारुती स्विफ्टचं उदाहरण घ्या, कारण सोलापुरात ती गल्लोगल्ली आहे. खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर १४ येतो, वरच्याला १८५/६५ आर १५.

१६५/८० आर १४: भिंत १३२ मिमी, पूर्ण व्यास ६१९.६ मिमी
१८५/६५ आर १५: भिंत १२० मिमी, पूर्ण व्यास ६२१.५ मिमी
१९५/५५ आर १६: भिंत १०७ मिमी, पूर्ण व्यास ६२०.९ मिमी
२०५/४५ आर १७: भिंत ९२ मिमी, पूर्ण व्यास ६१६.३ मिमी

चारही व्यास जवळजवळ सारखेच आहेत. मूळ व्यासाच्या दोन टक्के आत राहिलात तर स्पीडोमीटर, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), गिअरचा ताळमेळ यांना फारसा धक्का बसत नाही. आता याच गाडीला कुणी २०५/६० आर १६ सुचवला तर व्यास ६५२.४ मिमी होतो, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०५ ने धावत असेल, पिकअप मंदावेल, आणि चार माणसं बसवून गतिरोधक ओलांडताना टायर आत घासेल. दुकानदार म्हणेल, "बसतंय की ओ, काय होत नाही." बसतं हे खरं. मागच्या सीटवर पाहुणे बसले की काय होतं, ते त्याला बघावं लागत नाही.

सोलापुरात किती इंच?

आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्या गाडीला एकच इंच वाढवा, आणि शक्यतो त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जे माप देते तेच घ्या. वॅगन आरला १५५/८० आर १३ असेल तर १६५/७० आर १४. स्विफ्टला १४ असेल तर १५. कंपनीने त्या मापावर सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक तपासलेले असतात, आणि वॉरंटीवरून सर्व्हिस सेंटरशी हुज्जत घालावी लागत नाही.

कारण रस्त्यात आहे. काळ्या मातीवरचा रस्ता पावसात फुगतो, उन्हात आकसतो, त्यामुळे डांबराच्या कडा तुटून खाली पायरी तयार होते. गावाकडच्या अरुंद रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली आली की तुमची डावीकडची दोन चाकं त्या पायरीवरून उतरणार आणि परत चढणार. चढताना टायरची भिंत रिमच्या कडेवर चिमटली जाते. १२० मिमी रबर तो मार गिळतं. ९२ मिमी रबर गिळत नाही, मग आतल्या दोऱ्या तुटतात आणि दोन दिवसांनी टायरच्या बाजूला अंड्याएवढा फुगा दिसतो. फुग्यावर इलाज नाही. पंक्चरवाला आतून पॅच लावतो म्हणाला तरी नको, तो टायर बादच.

शहरात वेगळा त्रास. पाइपसाठी खणलेले चर मुरूम टाकून बुजवलेले असतात, तो मुरूम पहिल्या पावसात खचतो, आणि पाण्याखाली चर दिसत नाही. शिवाय कुणाच्याही घरासमोर अचानक उगवणारे, रंग न मारलेले गतिरोधक. म्हणून १६ इंच घ्यायचेच असतील तर भिंत १०५ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. १७ इंच या आकाराच्या गाडीला इथे नकोच. फोटो चांगला येतो, एवढंच.

रुंदीचंही तेच. वीस मिमी वाढ ठीक, फार तर तीस. त्याहून रुंद टायर सरळ रस्त्यावर ॲव्हरेज खातो, स्टिअरिंग जड करतो आणि साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगायला लागतो.

भार, वेग आणि वय

भाराचा आकडा किलो नसतो, कोष्टकातला क्रमांक असतो. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८४ म्हणजे ५००, ८५ म्हणजे ५१५, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०. एका टायरने पेलायचं वजन हे. नवा आकडा मूळच्यापेक्षा कमी चालत नाही. वरच्या यादीतल्या २०५/४५ आर १७ मध्ये साधा टायर ८४ चा येतो, म्हणजे मूळ ८५ पेक्षा कमी. रुंद आणि महाग टायर घेऊनही वजन पेलण्याची ताकद घटली. त्याच मापात जादा भाराचा, एक्सएल लिहिलेला टायर ८८ चा मिळतो, पण दुकानात तोच असेल याची खात्री नाही. विचारून, वाचून घ्या.

वेगाचं अक्षर: एस म्हणजे ताशी १८० किमी, टी १९०, एच २१०, व्ही २४०. मूळ अक्षर किंवा वरचं घ्या. इतक्या वेगाने कोण जातं, हा प्रश्न बरोबर आहे. पण हे अक्षर टायर किती उष्णता सोसतो तेही सांगतं. मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकलेला असताना पुणे महामार्गावर दुपारी तीनला सलग तीन तास गाडी चालवायची असेल तर ती सोसण्याची ताकद उपयोगी पडते.

टायरचं वय बाजूवरच्या चार आकड्यांत असतं. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२ वा आठवडा. चारही टायर पाहा, एकच पाहून हो म्हणू नका. उन्हात दुकानाबाहेर रचलेला माल टाळा. सहा महिन्यांपर्यंतचा उत्तम, वर्षाच्या आतला चालेल, दोन वर्षांचा "सवलतीत" मिळत असेल तर सोडून द्या. आयएसआयचा शिक्का हवाच. कारच्या टायरसाठीचं मानक आयएस १५६३३ आहे.

रिम: इथे खरी गडबड होते

टायर चुकला तर पैसे जातात. रिम चुकली तर चाक जातं. चार गोष्टी जुळायला हव्यात.

पहिली, पीसीडी. नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. मारुती आणि ह्युंदाईच्या बहुतेक छोट्या गाड्यांना ४×१०० असतो, म्हणजे चार नट, १०० मिमी वर्तुळ. ४×९८ आणि ४×१०८ डोळ्यांना जवळपास सारखेच दिसतात. दोन मिमीच्या फरकात नट ओढून बसतो, पण तिरका बसतो, स्टडवर, म्हणजे नट ज्यावर आवळतो त्या बोल्टवर, सतत ताण राहतो आणि एक दिवस स्टड तुटतो. आठ भोकांची रिम दोन पीसीडीसाठी असते, ती चालते. पण भोक घासून लंबगोल केलेली रिम परत करा. क्विड किंवा नॅनोसारख्या तीन नटांच्या गाड्यांना निवडच फार कमी, त्यांनी शोधाशोधीत दिवस घालवू नयेत.

दुसरी, मधलं भोक. हब म्हणजे गाडीचा तो भाग ज्यावर रिम बसते; त्याचा मधला उंचवटा या भोकात शिरतो. मारुती-ह्युंदाईच्या ४×१०० हबच्या या उंचवट्याचा व्यास साधारण ५४.१ मिमी असतो. बाजारातल्या रिमचं भोक मुद्दाम मोठं, ६७.१ किंवा ७३.१ मिमी ठेवलेलं असतं, म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना विकता येते. मधली फट भरायला हब रिंग लागते. बाहेरचा व्यास रिमच्या भोकाएवढा, आतला ५४.१. किंमत किरकोळ असते, आणि तरी अर्ध्या दुकानांत ती टाकतच नाहीत. रिंग नसली की चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यात येतं, जरा सरकलं की ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. मग माणूस चार वेळा बॅलन्सिंग करून येतो आणि थरथर तशीच राहते. रिंग ॲल्युमिनियमची घ्या. प्लॅस्टिकची ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडू शकते.

तिसरी, ऑफसेट. रिमच्या आतल्या बाजूला ईटी ४५, ईटी ३८ असं कोरलेलं असतं. हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे ते हा आकडा सांगतो. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. समजा मूळ रिम ५.५ इंच रुंद आणि ईटी ४५, नवी ७ इंच आणि ईटी ३८. रुंदी दीड इंचाने, म्हणजे ३८ मिमीने वाढली, ती दोन्ही बाजूंना १९-१९ वाटली. ऑफसेटने ७ मिमी बाहेर ढकललं. म्हणजे बाहेरची कड २६ मिमी पुढे आली आणि आतली १२ मिमी शॉकॲब्सॉर्बरकडे सरकली. दोन्ही आकडे आपल्या गाडीवर मोजून बघा. बाहेरून चाक मडगार्डच्या रेषेत असावं. बाहेर डोकावणारं चाक दारांवर खडी आणि चिखल उडवतं, बेअरिंगवर ताण टाकतं, आणि चौकात पोलिसाची नजर आधी तिथेच जाते. ऑफसेट चुकला म्हणून हब आणि रिमच्या मध्ये स्पेसर (जाड चकती) टाकून जुळवणं हा मार्ग नव्या माणसाने धरू नये.

रिमची रुंदीही टायरला साजेशी हवी. १८५/६५ आर १५ साठी ५ ते ६.५ इंच, १९५/५५ आर १६ साठी ५.५ ते ७. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवला की रिमची कड उघडी पडते, आणि पहिला मार तिलाच बसतो.

चौथी, नट. मारुतीच्या स्टडचा आटा १२×१.२५ (स्टडचा व्यास १२ मिमी, दोन आट्यांतलं अंतर १.२५ मिमी), ह्युंदाई, टोयोटा, होंडाचा १२×१.५. एकाचा नट दुसऱ्यावर पान्याने दाबून चढवला तर आटे जातात. नटाची बैठकही पाहा: बाजारातल्या बहुतेक अलॉयना (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिमना) ६० अंशांची शंकूसारखी बैठक असते, होंडाच्या मूळ नटाची गोलाकार. शंकूत गोल नट फक्त एका रेषेवर टेकतो आणि काही दिवसांत सैल होतो. नट हाताने किती फिरतो तेही मोजा. किमान १२ मिमी आत जायला हवा. १.५ च्या आट्यात आठ फेरे, १.२५ च्या आट्यात जवळजवळ दहा.

रिमवर आयएसआयचा शिक्का आणि भाराचा आकडा शोधा. वजनही करा, घरचा साधा वजनकाटा चालतो. मूळ लोखंडी डिस्कपेक्षा (गाडीसोबत आलेल्या लोखंडी रिमपेक्षा) नवी रिम दोन किलोने जड निघाली तर अलॉय हलकी असते हे वाक्य तिला लागू नाही. ते जादा वजन स्प्रिंगच्या खाली असतं, म्हणून खड्ड्यातला दणका वाढतो आणि शॉकॲब्सॉर्बर लवकर थकतो.

सेकंडहँड सेट घेणार असाल तर रिम आतून बघा, बाहेरून ती रंगवलेली असणारच. आतल्या पिंपावर, म्हणजे टायर बसतो त्या गोल भागाच्या आतल्या बाजूवर, वेल्डिंगची उंचवट रेघ, ताजा चांदी रंग, घासल्याच्या खुणा दिसल्या की उठा. बॅलन्सिंग मशीनवर टायरशिवाय फिरवून बघितली की वाकलेली कड लगेच कळते.

दुकानातले दोन तास

टायर रिमवर चढवण्याआधी मोकळी रिम पुढच्या हबवर लावून हाताने फिरवा. एकदा टायर चढला आणि रिमवर ओरखडा आला की कुणी परत घेत नाही. ब्रेकच्या कॅलिपरपासून किमान ३ मिमी फट हवी. चालत असेल तर टायर चढवा, हवा भरा, परत लावा आणि गाडी खाली घेऊन स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. टायर आणि शॉकॲब्सॉर्बरमध्ये करंगळीचं टोक तरी सहज गेलं पाहिजे. मग मागे तीन माणसं बसवा, हळू वेगात गतिरोधकावरून न्या. घासल्याचा आवाज आला तर मडगार्डच्या आतल्या कडेवर पुसलेली जागा दिसेल. मडगार्डची कड ठोकून वळवून देतो म्हणाले तर नको म्हणा. रंग तडकतो, गंज लागतो, आणि चूक मुळात मापाची असते.

वॉल्व्ह चारही नवे टाका, अलॉयला छोटा टीआर ४१३ बरा दिसतो आणि पुरतो. जुना वॉल्व्ह ठेवून वाचवलेले पैसे उन्हाळ्यात रोज हवा भरण्यात जातात. बाजूवर बाण असेल तर फिरण्याची दिशा, आउटसाइड लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर. बॅलन्सिंगला आतून चिकटणारी वजनं वापरायला सांगा, ठोकायची क्लिप अलॉयची कड खराब करते.

नट घट्ट करताना हवेच्या गनने शेवटपर्यंत मारू देऊ नका. गनने टेकवायचं, गाडी खाली घ्यायची आणि टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) समोरासमोरच्या क्रमाने आवळायचं. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. स्टडला ग्रीस लावू नका. ग्रीस लावलेला नट त्याच टॉर्कवर जास्त ताणला जातो.

रिम बदलल्याने अलाइनमेंट बिघडत नाही. पण आधीपासून थोडं बिघडलेलं असेल तर रुंद टायरची आतली कड झपाट्याने झिजते, म्हणून त्याच दिवशी करून घ्या आणि आधी-नंतरच्या आकड्यांचा छापील कागद मागा.

पहिले हजार किलोमीटर

५० ते १०० किमीला नट पुन्हा त्याच टॉर्कवर तपासा. तुळजापूरला जाऊन आलात की तेवढं अंतर होतंच, परत आल्यावर चाकं थंड होऊ द्या आणि पाना लावा. नव्या रबरावरचा चकचकीत थर उतरेपर्यंत, साधारण ३०० किमी, पकड पूर्ण नसते. घाटात जोरात वळू नका.

हवा सकाळी, गाडी हलण्याआधी. मूळ मापाइतकाच भाराचा आकडा असेल तर स्टिकरवरचा दाब ठेवा. भिंत कमी आणि रिम मोठी असेल तर एक-दोन पीएसआय जास्त चालतो, कमी कधीच नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब दीड-दोन पीएसआयने वाढतो, त्यात चालण्याची उष्णता मिळवा. दुपारी पंपावर ३८ दिसलं म्हणून हवा काढलीत तर दुसऱ्या सकाळी टायर मऊ असेल, आणि मऊ टायरच उन्हात महामार्गावर फुटतो. बाभळीचा काटा ट्यूबलेसमध्ये महिनाभर गुपचूप बसतो. एकाच चाकाची हवा दर आठवड्याला दोन-तीन पीएसआय उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून बघा.

बोअरच्या जड पाण्याने धुतलं तर अलॉय लगेच पुसा, पांढरे डाग राहतात. तापलेल्या रिमवर पाणी मारू नका.

कागद आणि स्टेपनी

मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावलं. वरच्या व्हेरियंटचं माप घ्या म्हणण्यामागे हेही कारण आहे. विमा कंपनीला बिलासकट कळवून नव्या रिमची पॉलिसीत नोंद करून घ्या, नाहीतर अपघातात भरपाई जुन्या लोखंडी डिस्कच्या हिशेबाने होऊ शकते. साध्या सर्वसमावेशक विम्यात फक्त टायर फुटला तर काही मिळत नाही. गाडीचंही सोबत नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या निम्मे मिळतात.

जुन्या चार डिस्क लगेच विकू नका. गाडी विकताना गिऱ्हाईक त्या मागतं, आणि एखादी रिम वाकली तर दुरुस्तीपर्यंत गाडी चालती राहते.

स्टेपनी मूळ मापाचीच राहू द्या. व्यास जुळत असल्याने पंक्चर दुकानापर्यंत ती चालते, वेग ८० च्या आत ठेवा. पण डिकीत मूळ लोखंडी डिस्कचे चार नटही टाकून ठेवा. अलॉयच्या नटाची बैठक डिस्कला जुळेलच असं नाही, आणि हे रात्री अकराला मोहोळच्या पुढे, जॅकवर गाडी असताना कळून उपयोग नसतो. चोरीरोधक नट लावले असतील तर त्यांची किल्ली त्याच पिशवीत.